सोमवारचं मटण

नसरीन मला पहिल्यांदा दिसली ती नीरेच्या काठावर, खिचडीच्या पातेल्यापाशी. तशी ती जूनपासून माझ्याच वर्गात होती, सहावीत, खिडकीकडच्या रांगेत. पण काही मुलं हजेरीला ओ देण्यापुरतीच लक्षात राहतात, त्यांतली ती होती. त्या दिवशी निरवांगीच्या आमच्या शाळेचं वनभोजन होतं. मुलांनी घरून वाटीवाटी तांदूळ आणि मूठमूठ डाळ आणली होती. पातेलं चुलीवर चढायच्या आधी ही मुलगी एकेकापाशी जाऊन विचारत होती, "तू किती खाणार? खरं सांग, मागनं टाकू नगं."

एक दांडगट मुलगा म्हणाला, "मी पातेलंभर खाणार."

"मग पातेलं तूच घासायचं," असं म्हणून ती पुढच्याकडे गेली.

खिचडी झाली. सगळ्यांना पुरली, कुणाच्या ताटात शीतही राहिलं नाही. मी हात धुऊन आले तर नसरीन रिकाम्या पातेल्याशी डाव पुसत उभी होती. मी विचारलं, "तू जेवलीस का गं?"

"न्हाय."

"का?"

तिनं जरा विचार केला. "मला मोजायचंच राह्यलं, बाई."

ती रडवेली वगैरे काही झाली नव्हती. सगळ्यांचं बरोबर बसलं याचंच तिला समाधान दिसत होतं. मी माझ्या डब्यातली पोळीभाजी तिला दिली आणि तेव्हापासून ती माझ्या लक्षात राहिली.

पुढे माझी बदली झाली, मग निवृत्ती. मी मुलाकडे बारामतीला राहायला आले. एका सकाळी मंडईत कोथिंबिरीच्या ढिगापाशी कुणीतरी माझी पिशवी धरली. "बाई, वळखलं का?" पंचविसेक वर्षं गेली होती, पण विचारताना मान तिरकी करायची तिची सवय तीच होती. लग्न होऊन ती बारामतीतच आली होती. नवरा फिरोज टेंपो चालवायचा. ती स्वतः एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये दहा वर्षं स्वयंपाक करत होती. कँटीनचं कंत्राट दुसऱ्याकडे गेलं आणि नव्या माणसानं आपली माणसं आणली. तेव्हापासून ती डाळिंबाच्या पॅकिंगला जात होती. दिवसभर उभं राहून फळं निवडायची, खोकी भरायची. "काम वाईट न्हाय बाई," ती म्हणाली, "पण हाताला सवयच न्हाय डाळिंबाची. हात सारखा मीठ शोधतोय."

मग तिचं माझ्याकडे येणं-जाणं सुरू झालं. एकदा आली ती बेत घेऊनच. मळ्यात, विहिरीवर लोक हल्ली चुलीवरच्या जेवणाच्या पार्ट्या करतात. वीस-तीस माणसं असतात. मोठा केटरर एवढ्याशा कामाला येत नाही आणि घरच्या बायकांना त्या दिवशी तरी चुलीपुढे बसायचं नसतं. अशा लहान ऑर्डरी आपण घ्यायच्या, असं तिनं मनात धरलं होतं. फिरोजनं टेंपोच्या टायरसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून तिला दोन मोठी पातेली, परात आणि तवा घेऊन दिला होता. त्याबरोबर त्यानं अटही घातली होती. ती अट त्यानं माझ्यासमोरच पुन्हा सांगितली, म्हणजे साक्षीदार राहावा म्हणून असेल.

"एक ऑर्डर करून बघू, बाई. सगळ्यांचं देऊन हिच्या हाताला काय राह्यलं, तर दुसरी. न्हाय राह्यलं, तर भांडी इकायची, टायर घ्यायचं आन् हिनं पॅकिंगला जायाचं."

"राह्यल की," नसरीन म्हणाली.

"तुझ्या हाताला राहत न्हाय, म्हणून तर बोलतोय. मोहल्ल्यातल्या निम्म्या लग्नांत हिनं बिर्याणी केली, बाई. घरात ब्लाउजपिसांचा ढीग हाय. एवढी ब्लाउजं घालायला अंग कुणाचं आणू?"

पहिली ऑर्डर आली ती कळंबहून. राजवर्धन नावाचा तरुण शेतकरी होता. दहावीच्या वर्गातल्या मित्रांना, त्यांच्या बायकामुलांसह, त्याला मळ्यात जेवायला बोलवायचं होतं. वीस मोठी माणसं, दहा मुलं, येता रविवार, मटण-भाकरी. लाकडं त्याची, बाकी सगळं हिचं.

हिशेबाला नसरीन माझ्या ओसरीवर बसली. मला वाटलं होतं, दोनशेचा स्वयंपाक केलेल्या बाईला तीस माणसं म्हणजे हातचा मळ. ती मान हलवून म्हणाली, "दोनशेत दहा जास्त आलं तर कळत न्हाय. तिसात पाच आलं की डाव तळाला वाजतोय." मग एकेक करून ती बोलत गेली आणि मी मांडत गेले. मोठ्या माणसाला हाडासकट पाव किलोच्या वर, तीनशे ग्रॅम धरायचं, कारण मळ्यात धुराच्या वासानं माणूस घरच्यापेक्षा जास्त खातो. मुलाला निम्मं. म्हणजे साडेसात किलो मटण. भाकऱ्या आधी थापून ठेवायच्या नाहीत, मागतील तशा तव्यावर टाकायच्या, म्हणजे पीठ उरलं तरी पीठच उरतं. भात दोन किलो तांदळाचा, मुलांसाठी आणि शेवटच्या रश्श्यासाठी.

"आन् मटण वर एक किलो," ती म्हणाली.

"ते कशाला?"

"असू द्या."

"नसरीन, वरचा किलो कुणाच्या पैशाचा?"

ती म्हणाली, "बाई, उरलं तर कुणी बोलत न्हाय. कमी पडलं तर लोक वरीसभर सांगत्यात." तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात शेवटच्या पंगतीला मटण पुरलं नव्हतं. त्या पंगतीपुढे तिचे वडील, बादशाहभाई, हात जोडून फिरले होते. मी त्यांना ओळखत होते. ताठ चालणारा माणूस होता. मी त्या किलोवर हट्ट धरला नाही. तिचा तिनंच मार्ग काढला. मटण वाढवता येत नाही, पण रस्सा वाढवता येतो. बाजरी आणि डाळी मसाल्यासकट भाजून दळलेलं पीठ, आमच्याकडे त्याला येसूर म्हणतात, ते जास्तीचं न्यायचं. रस्सा पातळ न होता दुप्पट होतो. किलो रद्द झाला.

मग मटण, किराणा, डिझेल आणि भाकरी थापायला येणाऱ्या तानूबाईची मजुरी अशी सगळी बेरीज केली. नऊ हजार झाले. नसरीन उठायला लागली.

"आणि तुझे?"

"माझं काय, बाई? मी तर करणारच हाय."

मला नीरेचा काठ आठवला. मी हजार रुपये तिच्या नावाचे धरायला लावले. मोठ्यांचं ताट चारशे, मुलांचं दोनशे, एकूण दहा हजार. तिनं लगेच फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

"चारशे जरा जास्त होतायत, ताई," राजवर्धन म्हणाला. "चाळीस कमी करा ताटामागं. पोरांचं वीस."

मी हातानं नको-नको करत होते. माझ्याकडे बघतच नसरीन म्हणाली, "तुमी म्हणाल तसं, दादा."

फोन बंद झाला. तीस ताटांवर मिळून बरोबर हजार रुपये गेले होते. म्हणजे तिचेच. "पयली ऑर्डर हाय, बाई," ती माझी नजर चुकवत म्हणाली, "पुढच्या टायमाला धरीन."

"पुढच्या टायमाची अट काय आहे, ते फिरोज सांगून गेलाय ना?"

तिनं फोन पिशवीत टाकला आणि चपला शोधायला लागली.

शनिवारी राजवर्धनचा फोन आला. कारखान्याची ऊसतोडीची टोळी रविवारीच त्याच्या रानात येणार होती. विहिरीपाशी ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या उभ्या राहणार. सोमवारी केलं तर चालेल का? सोमवारी कसली तरी सुट्टी होती, त्यामुळे मित्रांना अडचण नव्हती. नसरीननं मला विचारलं. मी म्हटलं, चालेल की. तिनं मटणवाल्याला कळवलं. तो म्हणाला, "सोमवारी ये. सोमवारी गिऱ्हाईक नसतंय, तुला निवडून माल देतो." त्यावर आम्ही दोघी खूषच झालो.

सोमवारी सकाळी फिरोजच्या टेंपोत आम्ही निघालो. मी पुढे बसले, नसरीन आणि तानूबाई मागे भांड्यांपाशी. जंक्शन गावाच्या अलीकडे चहाला थांबलो. तानूबाईंनी सगळ्यांच्या आधी उतरून कंबर सरळ केली. त्या साठीच्या आहेत, बोलायला फटकळ आणि भाकरी कागदासारखी पातळ थापतात. नसरीन त्यांना म्हणाली, "तानूबाई, तुमच्यासाठी नळी काढून ठेवीन बरं का."

"आज नगं. आज सोमवार."

नसरीननं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिच्या घरी वार पाळायचा प्रश्नच नव्हता. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हापासून आमच्या घरातून वार आणि उपास गेले ते गेलेच. भाकरीच्या पिठापासून चमचाभर हळदीपर्यंत आम्ही मोजलं होतं, आणि सोमवारी महादेवाचा वार म्हणून अर्धं गाव मटणाला शिवत नाही हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"तुमी आदी का न्हाय सांगितलं?" नसरीनचा आवाज एवढासा झाला होता.

"मला काय ठावं?" तानूबाई म्हणाल्या. "एक शाळेच्या बाई, एक कँटीनवाली. दोघींनी मिळून ठरीवलंय म्हंजे काय तरी बघूनच ठरीवलं असंल, म्हणलं."

फिरोज चहाचा कप हातात धरून एकदा पातेल्याकडे आणि एकदा टेंपोच्या गुळगुळीत झालेल्या टायरकडे बघत होता. तो बोलला नाही, हे त्याचं मोठेपण.

नसरीननं राजवर्धनला फोन लावला. "मी कुठला वार पाळत न्हाय, ताई, माझ्या ध्यानातच आलं न्हाय," तो म्हणाला. "थांबा, आईकडं देतो." आईचं नाव द्वारकाबाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "या तर आदी. वाटंत उभं राहून काय व्हनार हाय?"

कळंबचा तो मळा मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. एका बाजूला ऊस तोडून मोकळं झालेलं रान, दुसऱ्या बाजूला वांगी आणि मेथीचे वाफे, मधे विहीर आणि चिंच. चिंचेखाली तीन दगडांच्या चुली मांडून ठेवल्या होत्या. पाहुणे एकेक गाडीनं येत होते. नसरीन पदर खोचून प्रत्येकापुढे जायला लागली. "तुमचा आज वार हाय का?" पंचविसेक वर्षांपूर्वी नीरेच्या काठावर तिनं असंच केलं होतं. आज मात्र प्रत्येक होकाराबरोबर तिचा चेहरा उतरत होता.

एक गोलमटोल मित्र बायकोकडे बघत म्हणाला, "सोमवार आमच्या हिचा हाय. मला नुसता रस्सा चालतोय."

"रस्साबी चालत न्हाय," बायको म्हणाली.

"ऐकलंत ना?" तो नसरीनला म्हणाला. "लिहा मग माझं नाव तिकडं."

तीस जणांत वार पाळणारे चौदा निघाले. ती मला टेंपोच्या आड घेऊन गेली. "बाई, चौदा ताटांचं पैसं मी घेत न्हाय. चूक माझी हाय. आन् त्यांना उपाशी कसं ठेवू? वांगी मागते, कायतरी करते." म्हणजे मजुरी नव्हतीच; आता पदरचेही जाणार होते. मी तिला म्हटलं, चूक तुझी एकटीची नाही, माझी आहे, तारीख बदलणाऱ्याचीही आहे. पण ते तिच्या कानापर्यंत पोचलं असं वाटलं नाही.

तेवढ्यात द्वारकाबाई पत्र्याचा डबा काखेत घेऊन आल्या. सत्तरीच्या, कपाळावर मोठं कुंकू, चालणं भरभर. डब्यात हुलग्याचं पीठ होतं. "शेंगोळं येत्यात का गं तुला?"

"येत्यात की, मावशी."

"मग बस. चूल येगळी, पातेलं माझं घे. वळायला आमी बसतो."

हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून घट्ट मळायचं, हातावर वळून बोटाएवढी वेटोळी करायची आणि उकळत्या झणझणीत रश्श्यात सोडायची. काम सोपं, पण हात पुष्कळ लागतात. सोमवारवाल्या बायका चटईवर गोल करून बसल्या. पाच मिनिटांत बाकीच्याही न बोलावता येऊन बसल्या. ज्या बायकांना त्या दिवशी चुलीपुढे बसायचं नव्हतं, त्याच चुलीपुढे बसून हसत होत्या. कुणाची शेंगोळी जाड, कुणाची लांब. तानूबाई एकीला म्हणाल्या, "ही शेंगोळी हाय का कासरा? बैल बांधायचाय का?" गोलमटोल मित्रालाही बायकोनं वळायला बसवलं. नसरीन दोन चुलींच्या मधे उभी होती. डाव्या हाताला मटण, उजव्या हाताला शेंगोळी. डाव वेगळे, मिठाची वाटीसुद्धा वेगळी. मटण चाखलेल्या तोंडानं चव बघता येत नाही म्हणून शेंगोळ्यांचं मीठ द्वारकाबाईंनी चाखलं आणि नुसती मान हलवली. एवढ्या वेळात पहिल्यांदा नसरीनच्या खांद्यांवरचा ताण मला कमी झालेला दिसला. हाताला मीठ सापडलं होतं.

जेवणं सुरू झाली आणि तिनं मनातही न आणलेली गोष्ट झाली. मटण खाणारेही शेंगोळी मागायला लागले. "जरा चवीला द्या" म्हणत वाटी पुढे करायचे आणि दुसऱ्यांदा ताट. मुलं तर भात-शेंगोळ्यांवरच जेवली. शेंगोळ्यांचं पातेलं रिकामं झालं आणि मटणाचं जवळजवळ अर्धं तसंच राहिलं. नसरीन झाकण उचलायची, बघायची, पुन्हा ठेवायची.

शेवटी गोलमटोल मित्रच हात धुऊन पातेल्यापाशी आला. "ताई, माझ्या वाटणीचं ह्यात हाय ना?"

"हाय की, दादा."

"मग माझं मला डब्यात द्या. उद्या मंगळवार."

त्याच्या बायकोनंच पिशवीतून रिकामा डबा काढून दिला. ते बघून दुसऱ्यांनीही मागितलं. कुणाकडे डबे होते, कुणी द्वारकाबाईंच्या घरून घेतले. चौदा जणांचा वाटा, मोठ्यांचा मोठा, लहानांचा लहान, नसरीननं मोजून भरला. ज्यानं त्यानं आपला डबा मांडीवर सांभाळून नेला. पातेल्यात भाकरी पुसून घेण्याएवढा रस्सा उरला. तो फिरोजनं पुसून घेतला.

राजवर्धननं नऊ हजार पुढे केले. "सगळ्यांच्या वाट्याचं सगळ्यांना मिळालं, ताई. कमी कशाला करता?" नसरीननं ते घेतले आणि तिथंच तानूबाईंची मजुरी दिली. बाकीचे आपल्या पिशवीत ठेवले. किराणावाला आणि मटणवाला यांचे देऊन त्यातलं काही उरणार नव्हतं, हे तिला, मला आणि फिरोजला तिघांनाही माहीत होतं. ती भांडी उचलायला वळली.

"आन् शेंगोळ्यांचं?" द्वारकाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"त्याचं काय, मावशी? पीठ तुमचं, लसूण तुमचा, पातेलं तुमचं. पैसं कशाचं?"

"हाताचं. माझ्या रानात बाई खुरपायला आली तर खुरपं माझं, रान माझं. मी तिला रोज देती का न्हाय?"

नसरीन उभी राहिली. मान तिरकी केली, पण विचारलं काही नाही.

"किती ते तू सांगायचं," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी सांगनार न्हाय."

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. फिरोज टेंपोची दोरी आवळत होता, ती त्यानं तशीच धरून ठेवली.

"हजार," नसरीन शेवटी म्हणाली, आणि लगेच, "न्हाय. दीड हजार."

"तेराशे घे."

जुनी नसरीन "तुमी म्हणाल तसं" म्हणाली असती. ते शब्द तिच्या ओठांवर आलेले मी पाहिले. तिनं पदरानं हात पुसले. "न्हाय, मावशी. दोन चुली एकटीनं सांभाळल्या. दीडच."

द्वारकाबाई हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत, ते तेव्हा दिसलं. कमरेच्या पिशवीतून त्यांनी तीन पाचशेच्या नोटा काढल्या. "आता बरोबर बोललीस. घासाघीस मी करनार, ती माझी खोडच हाय. पन पुन्यांदा माझ्या पोराला फोनवर चाळीस रुपयं सोडू नगंस. त्यानं घरी येऊन मला ते फुशारकीनं सांगितलं."

राजवर्धन विहिरीकडे बघायला लागला.

परतताना नसरीन पुढे बसली, माझ्या शेजारी. लासुर्ण्याच्या पुढे फिरोज म्हणाला, "टायर अजून चार महिनं जातील."

"व्हय?" ती म्हणाली.

"जातील की. सावकाश चालवली तर."

याला दोन वर्षं झाली. भांडी विकली नाहीत, उलट दोन पातेली वाढली. इंदापूर आणि बारामतीकडच्या मळ्यांतून महिन्याला चार-पाच ऑर्डरी तिला येतात. फोन आला की ती आधी वार विचारते, मग माळकरी किती ते, मग माणसं. ताटाचा भाव सांगताना अजूनही तिचा आवाज किंचित खाली येतो, पण आकडा खाली येत नाही. पॅकिंगला ती पुन्हा गेली नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी द्वारकाबाईंच्या मळ्यात तिची शेंगोळ्यांची ऑर्डर असते.